भोलाच्या घराची पट्टी

माझं नाव कौसल्या, पन या बंगल्यात आन् आजूबाजूला सगळे मला कौसाबाई म्हनतात. माहेर माझं इगतपुरीकडं, घाटाच्या वरच्या अंगाला, भाताची खाचरं आन् पाऊस, दुसरं काय नाय तिथं. बाप रेल्वेच्या रुळावर गँगमध्ये व्हता, आई दुसऱ्याच्या खाचरात भात लावायची. आमच्या गावाला कुत्री लय, पन कोनतं कुत्रं कुनाचं ते कुनाला म्हाईत नसायचं, जिथं ऊब मिळंल तिथं निजायची, चुलीच्या राखंत, गोठ्यात, कुनाच्या ओट्याखाली. कुत्र्याला लाकडाचं घर असतं, त्याला छप्पर असतं, आन् ते मोडलं तर कोनी बसून नीट करतं, हे मला लय उशिरा कळलं. आन् आता बघा, माझ्या म्हातारपनाचं काही सांगायचं म्हनलं तर मला त्या घराचंच सांगावं लागतं. हसू नका ताई. खरंच सांगते.

लग्न करून नाशकात आले तव्हा मी लहान व्हते. आमचे हे सुतार, तुम्ही आत खाटेवर बघितले ना, तेच. सगळी दुनिया त्यांना मिस्तरी म्हनायची म्हनून मीबी मिस्तरीच म्हनते, नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती आन् आता घेतलं तरी त्यांना कळायचं नाय. अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते पेट्या ठोकायचे. मोठाल्या मशिनी बाहेरगावी जातात ना, त्यांना लाकडाची पेटी लागती, ती. सगळं आयुष्य त्यांनी पेट्या ठोकल्या. घरी आले तरी अंगाला पाइनच्या लाकडाचा वास, कपड्यात भुसा, मी कपडे धुवायला घेतले की मोरीत भुसाच भुसा. लय बोलायचे नाय. एक पोरगी झाली, सुरेखा, ती सटान्याला दिली, कांद्यावाल्याच्या घरात, तिचं बरं हाय. आमचं बी बरं चाललं व्हतं, उगाच खोटं कशाला सांगू.

मंग त्यांचं माप चुकायला लागलं. पयल्यांदा मला काय कळलं नाय. एक दिवस कारखान्यातला सुपरवायझर घरी आला, चांगला मानूस, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आन् उठताना म्हनला, वहिनी, मिस्तरींना एकदा डॉक्टरला दाखवा, फळ्या कापताना आखूड कापतात, सांगितलं तर म्हनतात मी कापलीच नाय. मला वाटलं डोळं गेलं आसंल, चष्मा लागंल. चष्मा केला. पन डोळ्याचं नव्हतं ते. कामावरनं यायला निघायचे आन् भलत्याच बसमध्ये बसायचे. भाजी आनायला गेले की पिशवी तिथंच. सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाईंनी लय वेळ बसवून विचारलं, आज वार कोनता, सकाळी काय खाल्लं, आन् हे माझ्याकडं बघायचे, शाळेतलं पोर दुसऱ्याच्या पाटीत बघतं ना तसं. बाई मला बाजूला घेऊन म्हनल्या, हा विसरायचा आजार आहे, हा बरा होत नाही, सावकाश वाढतो, त्यांना हातानं काही करता येईल असं काम देत राहा. मी म्हनलं, बाई, काम त्यांना मी काय देनार, कामच तर सुटलं त्यांचं.

काम सुटलं तशी भाड्याची खोली बी सुटायला आली. तव्हा कुनीतरी या बंगल्याचं सांगितलं, गंगापूर धरनाकडं जानाऱ्या रस्त्याला, मागं एक खोली हाय, राहायचं, झाडलोट, स्वयंपाक, बागेला पानी, एवढं बघायचं. बंगला काकूंचा. काकू आन् त्यांचे मालक दोघं बी शाळेत शिकवायचे, मालकांना सगळे सर म्हनायचे. एक मुलगा, अमोलदादा, तो पुन्याला. मी काकूंना पयल्याच दिवशी सांगून टाकलं, माझ्या मानसाला विसरायचा आजार हाय, नंतर म्हनू नका सांगितलं नाय. काकू म्हनल्या, कौसाबाई, आमच्याकडे तरी कुठे सगळं धड आहे, या तुम्ही.

खरंच धड नव्हतं. सर अंथरुनाला खिळलेले व्हते आन् आम्ही आल्यावर थोड्याच दिवसांनी गेले. त्यांचा हा कुत्रा, भोला. निम्मा लॅब्रा का काय म्हनतात तो आन् निम्मा गावठी, तपकिरी रंगाचा, कान पडलेले. सरांच्या पलंगाखाली निजायचा. सर गेले तसं त्यानं पलंगाचा पाय चावायला घेतला. मंग वेताची खुर्ची. मंग पुढचं सागवानी दार. काकूंना दमा, डॉक्टरांनी सांगितलं कुत्रा खोलीत ठेवू नका, केस उडतात. काकूंच्या डोळ्याला पानी, म्हनल्या, ह्यांचा जीव होता त्याच्यात आणि मी त्याला बाहेर काढू का. पन रोज धाप लागायची, करतात काय. भोला अंगनात आला, साखळीला.

तव्हा काकू सहज मिस्तरींना म्हनल्या, याला पावसापाण्यात निवारा काहीतरी करता येईल का.  दुसऱ्या दिवशी मिस्तरी उठले, माझ्याकडं त्यांची हत्याराची पेटी मागितली, ती मी कॉटखाली ठेवलेली, आन् चिकूच्या झाडाखाली बसले. जुन्या पेट्यांच्या फळ्या आम्ही सामानाबरोबर आनलेल्या, त्याच घेतल्या. काय सांगू ताई तुम्हाला, वार आठवत नव्हता त्या मानसाला, पन रंधा हातात आला की हात आपोआप चालायचा. इटांवर उचलून घेतलेलं घर, खाली ओल लागू नये म्हनून, वरती उतरता पत्रा, आन् दार पावसाच्या उलट्या बाजूला. काकू बघायला आल्या आन् दाराशी वाकून आत डोकं घातलं त्यांनी, येवढी मोठी बाई. म्हनल्या, वास किती छान येतो हो. मिस्तरी हसले. मी लय दिवसांनी ते हसलेलं बघितलं.

आन् त्या घराला भोलानं चार दिवस पन नीट राहू दिलं नाय. दाराची कड खाल्ली, उंबरठा खाल्ला, आतली फळी कोपऱ्यापासनं सोलून काढली. सकाळी बघावं तर घरापुढं कपच्याचा सडा. त्यातल्या काही गिळायचा आन् मंग उलट्या. मिस्तरी बघायचे आन् म्हनायचे, खाल्लंस व्हय रे, आन् नवी फळी लावायचे. पयल्यांदा मला वाटलं मिस्तरींना राग येईल, पन राग नाय. त्यांना कालचं आठवतच नव्हतं ना. त्यांच्यासाठी ते रोजच पयल्यांदा खाल्लेलं आसायचं.

पन काकूंना काळजी. कपच्या पोटात गेल्या तर आतडं फाटंल. मंग मिस्तरींनी सगळ्या कडांना पत्र्याच्या पट्ट्या मारल्या. भोलानं त्यापन चावल्या आन् ओठ कापून घेतला, पानी प्यायच्या घमेल्यात रक्त. काढल्या पट्ट्या. शेजारच्या बंगल्याचा माळी म्हनला, मावशी, लाकडाला मिरचीचं पानी लावा, पुन्हा तोंड लावायचा नाही. काकू म्हनल्या बघू लावून. लावलं. अरे देवा, ते जनावर आसं ओरडलं, नाक जमिनीला घासत गोल गोल फिरायला लागलं. मिस्तरी धावत आले, त्याचं तोंड धरून पानी मारत बसले, आन् माझ्याकडं आसं बघितलं की मला वाटलं आज माझं नाव आठवलं यांना. म्हनले, मुक्या जिवाला काय करता तुम्ही बायका. मंग कडुनिंबाचं तेल लावलं, ते तर तो चाटूनच घ्यायचा.

शेवटी जनावराच्या डॉक्टरला बोलावलं. तरुन पोरगा, बरा व्हता. घर बघितलं, साखळी बघितली, भोलाचे दात बघितले. म्हनला, काकू, लाकडाला काही लावून हे थांबणार नाही, हा दिवसभर बांधलेला आहे, याचा माणूस गेला, हा करणार काय, चावणार. साखळी सोडा, सकाळ संध्याकाळ फिरवा, चावायला दुसरं काहीतरी द्या. आन् आणखीन सांगितलं, घराला ऑइलपेंट लावू नका, पोटात जाईल.  डॉक्टर गेल्यावर काकूंनी स्वतःच वाकून साखळी काढली.

मिस्तरी तिथं बसूनच व्हते. त्यांनी काय ऐकलं, किती ऐकलं, मला म्हाईत नाय. पन त्यांनी दुसऱ्या दिवशी काय केलं, दाराची कड बाभळीच्या लाकडाची केली, टनक, दात रुतायचा नाय आसली, आन् तिच्यावर बाहेरनं एक मऊ पट्टी बसवली, शेवरीच्या लाकडाची. खिळा नाय मारला. भोकं पाडून लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, म्हनले खिळा पोटात जाईल त्याच्या. खुंटी काढली की पट्टी निघती, दुसरी लावायची. मी म्हनलं, ही कशाला. म्हनले, ही त्याला खायला. घर आपल्याला, पट्टी त्याला.

आन् जमलं ते. भोला पट्टी खायचा, घराला तोंड लावायचा नाय. शेवरीचं लाकूड भुसभुशीत, त्याचा भुगा व्हतो, टोकदार कपची निघत नाय. सकाळी मी आन् काकू भोलाला धरनाच्या रस्त्यानं फिरवून आनायचो, काकूंचा दमा पन त्यानं जरा हलका झाला, आन् आम्ही येईपर्यंत मिस्तरी जुनी पट्टी काढून नवी लावत बसलेले. माझं नाव पार गेलं त्यांच्या डोक्यातनं, पोरीचं गेलं, मला कारखान्याच्या शेटची बायको समजून नमस्कार करायचे. पन पट्टी गेली नाय. रोज तेच, पट्टी बघायची, खाल्लंस व्हय रे म्हनायचं, खुंट्या काढायच्या, नवी लावायची. मला वाटायचं आसंच चालू राहिलं तर काय वाईट हाय. दोघं एकमेकाला धरून व्हते, आन् मी त्या दोघांना.

मंग तो खिळ्याचा दिवस आला. मी स्वयंपाकात व्हते. भोलाचा आवाज आला, तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, भुंकनं नाय, रडनं नाय. जाऊन बघते तर तोंडातनं रक्ताची तार लागलेली, पंजानं तोंड ओरबाडतोय. त्या दिवशी मिस्तरी खुंट्या विसरले व्हते. सगळं आयुष्य पेट्यांना खिळे ठोकलेले, हाताला तेच आठवलं आसंल, पट्टी खिळ्यांनी मारली व्हती. कुठं सापडले त्यांना खिळे कुनास ठाऊक. भोलानं पट्टी उखडली आन् एक खिळा टाळूत घुसला. डॉक्टर आला, इंजेक्शन देऊन गुंगी आनली, खिळा काढला. तेवढा सगळा वेळ त्याचं डोकं मिस्तरींच्या मांडीवर. मिस्तरींचा सदरा रक्तानं भरला आन् ते सारखे म्हनत व्हते, कोनी मारले हे खिळे, कोन हाय तो, त्याला अक्कल नाय का, खिळे मारतात का कोनी. काकू माझ्याकडं बघत व्हत्या, मी काकूंकडं.  

रविवारी अमोलदादा आला. तो वाईट नाय हो, मी त्याला वाईट म्हननार नाय. माझ्यापुढं खुर्ची घेऊन बसला, म्हनला, मावशी, मला काकांबद्दल काही बोलायचं नाही, पण उद्या हाच खिळा त्यांच्या स्वतःच्या हातात घुसला तर, करवतीनं काही झालं तर. खरं व्हतं त्याचं. हत्याराची पेटी माळ्यावर गेली, कुलपात. आन् भोलाला नवं घर आलं, जाड प्लास्टिकचं, चारी कडांना लोखंडी पट्टी, कुठंच दात लागायला जागा नाय. जुनं घर माळी घेऊन गेला, जळनाला.

भोला गप जाऊन त्या घरात निजला. तोंडाला लागल्यापासनं तो लाकडाच्या वाटेला जातच नव्हता, काठी दिसली तरी कान पाडायचा. काकूंनी त्याला रबरी हाड आनलं व्हतं, ते दोन पायात धरून बसायचा. काकू म्हनल्या, बरं झालं बाई, सुटला एकदाचा तो नाद. सुटला खरा. पन इकडं मिस्तरी रोज सकाळी उठून त्या नव्या घराकडं जायचे, कडेवरनं बोट फिरवायचे, चारी बाजूंनी फिरून यायचे, कुठंच काही मोडलेलं नाय. उभे राहायचे तिथं. ऊन आलं तरी उभे. मी हात धरून आनायचे, तर पुन्हा जायचे. मंग त्यांनी आमच्याच खोलीच्या दाराची बिजागरी खोलली, चमच्यानं. कॉटचा पाय ढिला केला. मी म्हनलं काय करता, तर म्हनले, काम हाय ना, शेट ओरडंल.

आन् एक दिवस सकाळी मी बागेला पानी देऊन आले तर खोलीत मानूस नाय. फाटक उघडं.  काकूंनी अमोलदादाला फोन लावला, दादानं पोलिसात सांगितलं, शेजारचा माळी सायकल घेऊन धरनाच्या बाजूला गेला, मी रिक्षा करून अंबडला गेले, कारखान्याच्या फाटकावर, मला वाटलं तिथंच गेले आसतील. तिथं नाय. सुपरवायझर बी रिटायर झालेला, फाटकावरच्या पोराला मिस्तरी म्हंजे कोन तेच म्हाईत नाय. तो रिक्षावाला देवमानूस, म्हनला मावशी रडू नका, मी रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकतो. माझ्या फोनात फोटो व्हता तो टाकला. दुपारी त्याला फोन आला, पंचवटीत भाजीबाजारात एक म्हातारा बसलाय, आसला, पांढऱ्या सदऱ्याचा.

गेले तर एका भाजीवालीच्या मागं बसलेले, जमिनीवर, पुढ्यात टमाट्याची लाकडी खोकी, मोडकी. हातात दगड. दगडानं ठोकून खोक्याच्या फळ्या बसवत व्हते. अंगठा फुटलेला, रक्त वाळून काळं झालेलं, चपला नाय पायात. एवढ्या लांब कसे आले ते देवाला ठाऊक. भाजीवाली म्हातारी मला म्हनली, तुमचे का हे, मी चहा पाजला, पाव दिला, उठवलं तर उठत नाहीत, म्हनतात एवढी पेटी झाली की जातो. मी त्यांच्यापुढं बसले. म्हनलं, चला. त्यांनी वर बघितलं, आन् ताई, ते मला ओळखत नव्हते, पन इतके खुशीत व्हते. म्हनले, थांबा बाई, गाडी यायच्या आत माल गेला पायजे. मी थांबले. ती पेटी होईपर्यंत थांबले. बाजारात मानसं येत व्हती जात व्हती आन् मी तिथं पदरानं तोंड पुसत बसले.

घरी आल्यावर मी काकूंना म्हनलं, मला एक करू द्या. त्या नव्या घराला एक लाकडाची पट्टी बांधू द्या. काकू म्हनल्या, आणि पुन्हा खिळे मारले तर. मी म्हनलं, खिळा घरात ठेवनार नाय, हत्यार पन नको, फक्त लाकडी हातोडी आन् खुंट्या, आन् मी शेजारी बसून राहीन. काकूंनी माळ्यावरच्या पेटीची किल्ली दिली. मी शेजारच्या माळीदादाकडनं प्लास्टिकच्या दाराला भोकं पाडून घेतली आन् पट्टी बसवली.

पन भोला खातोय कुठं. पट्टी जशीच्या तशी. मिस्तरी सकाळी यायचे, बोट फिरवायचे, चांगली हाय म्हनायचे, आन् पुन्हा फाटकाकडं बघायचे. दोन दिवस बघितलं मी. तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्तरी निजले तव्हा मी घरातली विळी घेतली, तिच्या टोकाला नारळ खवायची दातेरी खवनी आसती ना, ती. चिकूच्या झाडाखाली बसले आन् त्या खवनीनं पट्टी कुरतडली. खवनीचे दात अगदी कुत्र्याच्या दातासारखे उठतात लाकडावर. कडा सोलल्या, भुगा पाडला, तो घरापुढं पसरला. भोला लांबनं माझ्याकडं बघत व्हता.

मिस्तरी उठून आले. बघितलं. खाल्लंस व्हय रे, म्हनले. भोलानं कान पाडले, शेपटी पोटाखाली घेतली, जसं काय त्यानंच खाल्लंय. मिस्तरींनी मांडी घातली, खुंट्या काढल्या, नवी पट्टी मागितली. भोला येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला. मी तोंड फिरवलं.

तसं मंग रोजच. दुपारी मी कुरतडायची, संध्याकाळी ते नीट करायचे. फाटकाकडं जायचं सुटलं त्यांचं, रात्री झोप लागायला लागली. एक दिवस मी विळी घेऊन बसलेली आन् वर बघते तर खिडकीत काकू. त्या आत गेल्या. मला वाटलं आता विचारतील, हे काय खूळ. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीपुढं फळ्यांची चळत. सरांच्या पुस्तकाच्या कपाटातल्या फळ्या, शेजारच्या माळीदादाकडनं काढून घेतलेल्या. काकू म्हनल्या, शेवरी संपली असेल ना, या मऊ आहेत, माळीदादांकडून याच्या पट्ट्या करून घ्या. पुस्तकं त्यांनी खाली जमिनीवर रचून ठेवली व्हती. भिंतीला टेकून. मी बघितली नंतर झाडताना.

त्या फळ्या बी संपल्या हळूहळू. आन् मंग मिस्तरीच संपत आले. पयल्यांदा खुंटी भोकात जाईना, मी बोट धरून घालायचे. मंग हातोडी कशाला ते कळेना, हातात घेऊन बघत बसायचे. मंग उठवलं तरी उठेनात. मी एक दिवस पट्टी कुरतडली आन् कोनी आलंच नाय बघायला. भोला बसला त्याच्या जागेवर, कान पाडून, वाट बघत. अंधार पडला तशी मी भुगा झाडून काढला. त्या दिवसापासनं विळीनं फक्त भाजी चिरते.

आता खाटेवरच हायेत. मी भरवते, पुसते, कूस बदलते. बोलत नाय काही. मागच्या महिन्यात एकदा मी त्यांचा हात पुसत व्हते, तर त्यांनीच माझा हात धरला. उलटा केला. माझे हात हे आसे, भांड्यानं, राखंनं, पान्यानं खरबडलेले, भेगा पडलेल्या, बघा. त्यांनी अंगठा फिरवला सगळीकडनं, सावकाश, भेगेवर थांबले. आन् इतक्या दिवसांनी बोलले. म्हनले, हे कोनी खाल्लं.  मी म्हनलं, भोलानं. म्हनले, राहू दे, उद्या करून देतो. झालं. त्याच्यावर अजून एक शब्द बोलले नायेत.

काकू आता पुन्याला चालल्या, त्यांनाही एकटीनं जमंना. बंगला बंद व्हनार. भोलाला त्या घेऊन चालल्यात, फ्लॅटमध्ये, दमा वाढला तर वाढू दे म्हनल्या, याला नाही सोडणार आता. अमोलदादा परवा गाडी घेऊन येईल. आन् आम्ही सटान्याला, पोरीकडं. तिची सासू फोनवर म्हनली, ये वो बाई, घर तुनंच शे, म्हंजे घर तुझंच हाय. चांगली हाय बाई. पन पोरीच्या घरी आपलं मानूस असं घेऊन जायचं म्हनजे जीव खालीवर व्हतो. कालपासनं भोला मिस्तरींच्या खाटेखालनं हलत नाय, जेवला पन नाय, आन् काकूंनी यावेळी त्याला बाहेर काढ म्हनलं नाय. ते घर तेवढं अंगनात राहनार, दादा म्हनला गाडीत मावत नाही. जाताना बघा, एकदम नव्यासारखं हाय, खुंट्यांची भोकं सोडली तर एक ओरखडा नाय त्याला.

बरं, निघा आता तुम्ही, धरनाच्या रस्त्याला नंतर रिक्षा मिळत नाय. तुम्ही बसून एवढं ऐकून घेतलंत, मी काय शिकलेली नाय, तुम्हाला दुसरं काय देऊ. तुमच्या घरात कोनीतरी रोज काहीतरी मोडत राहो बाई, आन् ते नीट करनारं मानूस तुमच्याजवळ लय वर्षं राहो. एवढंच.